नापास झालेले दिवे

आमची गाडी सरकारी तपासणीत नापास झाली. नापास झाली याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. शाळेत मीही झालो होतो. वाईट याचं वाटलं की ती का नापास झाली हे मला कुणी सांगेना. कागदावर 'पुढील दिवे' असं छापलेलं होतं आणि त्यापुढे 'नापास' असा जांभळा शिक्का होता. दिव्यांचं नेमकं काय चुकलं, ते शिक्क्यात मावलं नसावं.

मी खिडकीपाशी गेलो. आतल्या कारकुनाने माझा कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा केला.

"कारण गाडीच्या मालकालाच सांगता येतं," तो म्हणाला.

"मीच आहे."

"इथे बाईंचं नाव आहे."

"माझी बायको."

"मग त्यांना पाठवा."

"ती वारली."

कारकुनाने कागद खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता. "मग गाडी तुमच्या नावावर करून घ्या ना," तो समजावणीच्या सुरात म्हणाला.

"त्यासाठीच तपासणीला आणली होती. पास झाल्याशिवाय नाव बदलत नाही म्हणतात."

"बरोबर आहे."

"आणि नाव बदलल्याशिवाय कारण कळत नाही."

"तेही बरोबर आहे," तो म्हणाला. दोन्ही गोष्टी बरोबर निघाल्यामुळे त्याच्या दृष्टीने विषय संपला. जाता जाता त्याने एवढंच सांगितलं की पुढच्या महिन्यात फेरतपासणी होते, आणि तिच्यातही नापास झालेली गाडी परत घरी न्यायची नसते. ती तिथूनच भंगारात जाते.

मुलीला फोन केला. ती दूर असते आणि नोकरीच्या गडबडीत असते. "बाबा, जाऊ दे ना ती गाडी," ती म्हणाली. "तुम्हाला जायचंय तरी कुठे?"

मला कुठेच जायचं नव्हतं. पण कुठेच न जाण्यासाठीसुद्धा मला गाडी लागते, हे फोनवर कसं सांगायचं? गाडी हिची, म्हणजे माझ्या बायकोची. चालवायची ही, मी शेजारी बसून तिच्या चुका काढायचो. ही गेल्यापासून गाडी मी चालवतो आणि चुका काढायला कुणी नाही, त्यामुळे त्या वाढल्या आहेत. संध्याकाळी घरात भिंती अंगावर यायला लागल्या की मी खाली जाऊन गाडीत बसतो. कधी चालू करतो, कधी करत नाही. चालू करायची नसेल तर माझ्या जुन्या जागेवर, डाव्या सीटवर बसतो. तिथे मला बरं वाटतं. ती भंगारात गेली तर मी संध्याकाळी नेमका कुठे बसणार होतो, याचं उत्तर सरकारकडेही नव्हतं.

तेव्हा दिवे दुरुस्त करायचे असं ठरलं. काय दुरुस्त करायचं हे माहीत नव्हतं, पण आमच्या इमारतीत त्याने कुणाचं अडलं नाही.

पहिला हजर झाला माझा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ. तो पलीकडच्या गल्लीत राहतो. ही होती तोवर आम्हा दोघांचं एकमेकांशी बोलणं तिच्यामार्फत व्हायचं. "ताई, भाऊजींना विचार चहा घेणार का," असं तो माझ्यासमोर बसून विचारायचा. आता मधला माणूसच गेल्यामुळे आम्हाला थेट बोलावं लागतं, आणि दोघांनाही ते नीट जमत नाही.

"भाऊजी, दिवे पिवळे पडलेत," तो गाडीसमोर उकिडवा बसून म्हणाला. "उजेड बाहेरच येत नाही. टूथपेस्ट आणा."

"टूथपेस्ट?"

"दात पांढरे होतात, मग काच का नाही होणार?"

या प्रश्नाला उत्तर नसतं, हीच आपल्याकडची अडचण आहे. मी टूथपेस्ट आणली. आम्ही दोघांनी अर्धी सकाळ गाडीचे दिवे घासले. गाडीच्या तोंडाला फेस आला. तळमजल्यावरच्या काकू दारात खुर्ची टाकून बसतात आणि इमारतीत येणाऱ्या-जाणाऱ्याचा हिशेब ठेवतात. त्या म्हणाल्या, "चूळ भरायला पाणी देऊ का रे तिला?"

धुतल्यावर दिवे पिवळेच राहिले, फक्त पुदिन्याचा वास यायला लागला.

मग दुसऱ्या मजल्यावरचे साहेब खाली आले. साहेब वीजखात्यातून निवृत्त झालेले आहेत. ते तिथे बिलांच्या विभागात होते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण फ्यूज उडाला की सगळे त्यांनाच हाक मारतात आणि तेही येतात. त्यांनी हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली.

"टूथपेस्टने काही होणार नाही. पॉलिश पेपर लागेल. वरचा थर खरवडून काढा, आत नवी काच आहे."

आम्ही थर खरवडून काढला. आत नवी काच नव्हती. आधी दिवे पिवळे होते, पण निदान पारदर्शक होते; आता ते मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसारखे पांढरेफटक दिसू लागले. साहेबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे डाग आतल्या बाजूने आहे." चूक झाली असं साहेब कधी म्हणत नाहीत. ते एक पायरी आत जातात.

आतून साफ करायचं तर दिवा उघडायला हवा. आणि दिवा उघडत नाही, कारण कंपनी काच आणि डबा एका काळ्या डिंकाने चिकटवून टाकते. हा डिंक कसा सुटतो ते मेहुण्याने मोबाईलवर शोधून काढलं. दिवा ओव्हनमध्ये ठेवायचा, मंद आचेवर. लोणी पाघळतं तसा डिंक पाघळतो आणि काच अलगद हातात येते. मोबाईलमधला माणूस तर दिवा भाजता भाजता हसतही होता.

आमच्या घरात ओव्हन आहे. हिने हौसेने घेतला होता. मी तो उघडला तर आत तिने ठेवलेले नॅपकिन होते, घडी केलेले. मी दार लावून घेतलं आणि मेहुण्याला सांगितलं की दिवा यात मावणार नाही. मोजून पाहायची गरज नव्हती. त्याने मोजूनही पाहिलं नाही. त्याला आत काय आहे ते दिसलं होतं.

म्हणून आम्ही दोन्ही दिवे गाडीतून काढले, पिशवीत घातले आणि कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याकडे गेलो. आयुष्यात मी बरीच अवघड कामं घेऊन लोकांकडे गेलो आहे, पण "हे जरा भाजून द्या" म्हणून गाडीचे दिवे काउंटरवर ठेवताना जे वाटलं ते पुन्हा वाटू नये.

बेकरीवाल्याने दिवे उलटसुलट करून पाहिले. "कितपत भाजू?"

"डिंक सुटेपर्यंत."

"रंग कसा हवा वरून?"

"रंग नको. नुसतं गरम."

"म्हणजे बिस्किटांच्या खालच्या खणात," तो स्वतःशीच म्हणाला आणि दिवे घेऊन आत गेला. त्याच्या चेहऱ्यावर कसलंही आश्चर्य नव्हतं. त्याच्याकडे लोक याहून काय काय घेऊन येतात कोण जाणे.

एक दिवा छान उघडला. दुसरा बहुधा आचेच्या बाजूला होता. तो बाहेर आला तेव्हा त्याची काच खालच्या बाजूला ओघळली होती, रडून झालेल्या पोराच्या ओठासारखी. शिवाय वरच्या खणातल्या पावांना जळक्या प्लॅस्टिकचा वास लागला. गिऱ्हाईकं परत यायला लागल्यावर बेकरीवाला म्हणाला, "हे पाव तुमचे." ते सगळे पाव मी घरी नेले, आणि टाकवेनात म्हणून दोन खाल्लेही. काकूंनी वासावरूनच विचारलं, "अरे, काय भाजलंस? दिवे म्हणे? दिवे लावतात रे, भाजत नाहीत." मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तोंड उघडलं असतं तर पावाचा वास आला असता.

आता एक दिवा धड आणि एक लोंबणारा. असला दिवा नवा मिळत नाही, कारण ही गाडी बनणं कधीच बंद झालं. मेहुण्याने भंगारबाजार पालथा घातला आणि एक दिवा आणला. तो आमच्या गाडीचा नव्हता. आकाराने जवळपास होता, इतकंच. त्याचा डोळा मोठा होता आणि वर पांढऱ्या दिव्यांची एक बारीक पट्टी होती, भुवईसारखी. तो बसवल्यावर गाडी अशी दिसायला लागली जणू तिने काहीतरी अविश्वसनीय ऐकलं आहे आणि एक भुवई उंचावली आहे.

"हे बरं दिसत नाही," मी म्हणालो.

"दुसऱ्या बाजूलाही भुवई लावू," मेहुणा म्हणाला. "चिकटपट्टीची मिळते. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की कुणाला कळणार नाही."

"मला गाडी नुसती पास व्हायला हवी आहे. भुवया नकोत."

"भाऊजी, ताई असती तर तिने लावल्या असत्या."

हे त्याचं नेहमीचं हत्यार. हिने भुवया लावल्या नसत्या, हे मला शंभर टक्के माहीत होतं. पण तसं म्हणायचं तर तिच्याबद्दल भांडावं लागलं असतं, आणि तिच्याबद्दल भांडायला आता तिसरं माणूस नाही. मी पट्टी लावू दिली.

वायरी साहेबांनी जोडल्या. "मी सगळं आयुष्य विजेत काढलं आहे," असं म्हणत त्यांनी लालला लाल आणि काळ्याला काळी जोडली, आणि उरलेल्या दोन हिरव्या वायरी जिथे जागा मिळाली तिथे खोचल्या. संध्याकाळी इमारतीच्या मागच्या भिंतीसमोर गाडी उभी करून दिवे लावले. उजेड पडला! भिंतीच्या पायथ्याशी असं लख्ख ऊन पडलं की तिथलं उघडं गटार कधी नव्हे ते काठासकट दिसलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"जरा खाली नाही का पडत?" मी भीत भीत विचारलं.

"मग कुठे पडायला हवा?" साहेब म्हणाले. "रस्ता जमिनीवरच असतो."

यावर पुन्हा टाळ्या झाल्या. माझ्या बाजूने फक्त एक बेडूक होता, तोही उजेडाला घाबरून गटारात गेला.

दुसऱ्या दिवशी मी गाडी रस्त्यावर काढली तेव्हा हिरव्या वायरींचा उलगडा झाला. ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा. आणि डावीकडे वळायचा इशारा दिला की डावी भुवई मिचकायची, सावकाश, अगदी मुद्दाम केल्यासारखी. चौकात माझ्यासमोर स्कूटरवर एक मध्यमवयीन बाई थांबल्या होत्या. मी डावीकडचा इशारा देऊन ब्रेक दाबला, हॉर्न वाजला. त्यांनी आरशात पाहिलं. गाडीने डोळा मारला. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी घाबरून पुन्हा ब्रेक दाबला, पुन्हा हॉर्न वाजला आणि गाडीने पुन्हा डोळा मारला.

"या वयात?" बाई एवढंच म्हणाल्या. सिग्नलला हिरवा दिवा लागला आणि त्या डावीकडे गेल्या. मी तिथेच उभा. निघायचं तर डावीकडे वळायचं होतं, आणि वळायचं तर त्यांच्या मागोमाग डोळा मारत जावं लागलं असतं. मी सरळ गेलो आणि भलत्याच भागात पोचलो.

पण खरी गंमत पुढे आहे. विधुर माणसाने गाडीला नवे दिवे, वर पांढऱ्या भुवया, वासाची टूथपेस्ट लावली, तर लोक त्याचा काय अर्थ काढतात? मला कल्पना नव्हती. काकूंनी खुर्चीतूनच हाक मारली. "इकडे ये. लाजू नकोस. माझ्या भाचीची नणंद आहे, चांगली आहे, शिक्षिका होती. बोलू का?"

"काकू, गाडी नापास झाली म्हणून दिवे बदलले!"

"हो हो, गाडीच," काकू म्हणाल्या आणि त्यांनी शेजारणीकडे पाहिलं.

त्याच रात्री, जेवणाच्या आधीच मुलीचा फोन. आवाज फार सांभाळून काढलेला. "बाबा, मला काही हरकत नाही. फक्त खरं सांगा. कुणी आहे का?"

"कोण?"

"तुम्ही गाडी सजवताय म्हणे."

मी तिला तपासणी, डिंक, बेकरी, भंगारबाजार सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बाबा, याहून दुसरं लग्न सोपं होतं."

मला राग आला. सगळ्यांचा आला. इमारतीचा, साहेबांचा, मेहुण्याचा. आणि हिचाही आला. हे सगळं माझ्यावर टाकून ती गेली म्हणून. तो राग मी कुणाला सांगितला नाही. मेहुण्याला एवढंच म्हणालो, "तुझ्या भुवया काढ." त्याने निमूटपणे काढल्या. पट्टीबरोबर थोडा रंगही निघाला. हिरव्या वायरी मीच उपटल्या आणि हॉर्न शांत झाला.

फेरतपासणीच्या दिवशी आम्ही दोघेच गेलो. गाडीचा एक डोळा खरवडलेला, एक भंगारातला, कपाळावर रंग गेलेले पट्टे. रांगेतली बाकीची वाहनं बघून मला वाटलं, आपण पेशंटला डिस्चार्ज मिळेल या आशेने थेट आयसीयूतून आणलं आहे. तिथून पुढे भंगाराची रांग दिसत होती. एक क्रेन गाड्या उचलून एकावर एक ठेवत होती, कपाटात सतरंज्या ठेवाव्यात तशा. मेहुण्याने तिकडे पाठ केली. मीही केली.

तपासणी अधिकारी एक बाई होत्या. त्यांनी यंत्र गाडीसमोर आणलं, दिवे लावायला सांगितले, आणि मान हलवली.

"अजूनही तेच. मागच्या वेळी लिहिलं होतं ना? उजेड खाली पडतोय."

"खाली?" मी म्हणालो.

"खाली. फार खाली. दुसरं काही नाही."

"आणि पिवळेपणा?"

"पिवळे चालतात हो. पण हे तुम्ही काय केलंय दिव्यांना?"

मला ती टूथपेस्ट आठवत होती, ते पाव आठवत होते, ती स्कूटरवरची बाई आठवत होती. तपासणीच्या बाईंनी माझ्या बाजूचं दार उघडलं, आत हात घातला आणि स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ असलेली एक लहानशी चकती दाखवली. मी ती आजवर पाहिली नव्हती. पाहिली असेल तर घड्याळाची असेल असं धरून चाललो असेन.

"ही शेवटच्या आकड्यावर आहे. मागे वजन असलं की गाडीचं नाक वर होतं आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. म्हणून तो खाली घ्यायचा. वजन नसलं की शून्यावर. गाडीत मागे नेहमी कुणी जड बसतं का?"

मेहुणा आपल्या चपलांकडे पाहू लागला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मी इतका वेळ सांगितली नाही, कारण आमच्या घरात ती बोलायची पद्धत नाही. माझा मेहुणा अंगाने चांगलाच भरलेला आहे. लहानपणी शाळेत पोरांनी त्याला फार छळलं होतं, आणि तेव्हापासून हिने घरात दंडक घातला होता की याच्या वजनावरून कुणी एक शब्द काढायचा नाही. मी सुद्धा नाही. ही रोज पहाटे अंधारात त्याला त्याच्या कामावर सोडायची. मी पुढे, तो मागे.

"मी बसायचो," मेहुणा म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. चकती फिरवून शून्यावर आणली आणि यंत्राकडे गेल्या.

"मला वाटायचं, गाडी जुनी म्हणून हळू चढते," तो मला म्हणाला. "चढावर ताई म्हणायची, गाडीचं वय झालंय रे." त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. "तेव्हा गाडी तर नवीच होती, भाऊजी."

"नवीच होती," मी म्हणालो.

मागून शिक्क्याचा आवाज आला. या वेळी हिरवा होता. बाईंनी कागद माझ्या हातात दिला आणि बजावलं, "तो भंगारातला दिवा बदला कधीतरी. गाडी चकित झाल्यासारखी दिसते."

ही गेल्यापासून मेहुणा माझ्याबरोबर कुठे निघाला तर पुढे बसतो, डाव्या सीटवर. त्या दिवशी मी गाडीत बसून त्याची वाट पाहिली, तर मागचं दार उघडलं. तो आत शिरला, सीट करकरली आणि गाडीचं नाक खरोखरच वर झालं. इतकी वर्षं होत असणार. मला आज दिसलं.

"पुढे ये की."

"नको. इथेच बरं आहे."

मी वाकून चकती शोधली आणि ती पुन्हा शेवटच्या आकड्यावर नेली. गाडी सुरू केली.

"भाऊजी, आरशात बघा, मागून ट्रक येतोय," तो म्हणाला.

मी आरशात पाहिलं. आरसा त्याच्याच चेहऱ्याने भरला होता, ट्रकला जागाच नव्हती.

"दिसतोय," मी म्हणालो.